नाव लागले, मोजणी राहिली

'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत १९३५ साली लंडनच्या टेलर अँड फ्रान्सिसने एक खंड काढला. लेखक एच. ई. अँड्र्यूज, विषय कॅराबिडी कुळातले, म्हणजे जमिनीवर धावणारे शिकारी भुंगेरे. शीर्षकात 'हार्पालिनी' या उपकुळाच्या नावापुढे रोमन आकडा एक छापलेला आहे. एक छापला म्हणजे दोन अपेक्षित होता. तो कधीच निघाला नाही. अँड्र्यूज १९५० साली वारला, त्याआधीच महायुद्ध आणि स्वातंत्र्य दोन्ही येऊन गेले होते, आणि या कुळाचा मोठा हिस्सा त्या मालेत वर्णनाविना राहिला. भारतात आजही कोणी कॅराबिड ओळखायला बसले की हाताशी घ्यायची पुस्तके तीच असतात: याच कुळावरचा १९२९चा पहिला खंड, १९३५चा हा दुसरा आणि या दोहोंच्या मधे, १९३० साली कलकत्त्यात सरकारी छपाईने निघालेली 'कॅटलॉग ऑफ इंडियन इन्सेक्ट्स'ची अठरावी पुस्तिका. ही अठरावी पुस्तिका चारशेच्या आसपास पानांची आहे. तिच्यात नावे, कोणी कधी दिली आणि नमुना कुठून आला एवढेच आहे. प्राणी कसा दिसतो, शेजारच्या प्राण्याहून वेगळा कशाने, हे तिच्यात नाही. यादी पूर्ण झाली, वर्णन अर्धे राहिले. माझे म्हणणे या अर्धवटपणाभोवतीच आहे. भारतात, आणि त्यातही कोलकात्यात, जिथे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेमुळे या कामाची गादी आहे, नव्या प्रजाती शोधण्यापेक्षा जुन्या प्रजाती पुन्हा नीट वर्णन करणे हे जास्त निकडीचे शास्त्र आहे, आणि आपण नेमके उलट प्राधान्य धरून बसलो आहोत.

आधी हे प्राणी कोण, ते पाहू. ढालपंखी कीटकांच्या गणात कॅराबिडी हे सर्वांत मोठ्या कुळांपैकी एक. जगभर वर्णन झालेल्या प्रजाती चाळीस हजारांच्या घरात आहेत. बहुतेक काळे किंवा तपकिरी, काहींवर धातूसारखी हिरवी-जांभळी झाक, लांब पाय, पुढे आलेले धारदार जबडे. दिवसा दगडाखाली, पालापाचोळ्यात, चिखलाच्या भेगेत, रात्री बाहेर. पंख असले तरी पायांवर भरवसा जास्त. काहींचे मागचे पंख इतके खुरटलेले की उडण्याचा प्रश्नच येत नाही. महाराष्ट्राच्या माळरानावर पावसाळ्यात दिसणारा, काळ्या पाठीवर सहा पांढरे ठिपके असलेला, अंगठ्याएवढा धिप्पाड भुंगेरा याच कुळातला. फाब्रिसिअसने त्याला १७७५ साली नाव दिले. आज तो अँथिया सेक्सगुटाटा. त्याला हातात घेणाऱ्याला बोटांची आग सहन करावी लागते, कारण पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथींतून तो आम्ल उडवतो. या कुळाची ही खासियतच आहे. डार्विनने केंब्रिजच्या दिवसांत दोन हातांत दोन भुंगेरे असताना तिसरा दिसला म्हणून एक तोंडात टाकला आणि त्याने सोडलेल्या जळजळीत द्रवामुळे तो थुंकावा लागला, ही गोष्ट त्याने आत्मचरित्रात सांगितली आहे. पण या कलेत सगळ्यांत पुढे गेले ते फेरोप्सोफस आणि त्याचे भाऊबंद. त्यांच्या पोटात एका कप्प्यात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड साठवलेले असतात. दुसऱ्या कप्प्यात विकरे. संकट आले की पहिल्यातला द्रव दुसऱ्यात जातो, स्फोट होतो आणि जवळपास उकळत्या पाण्याच्या तापमानाचा फवारा आवाज करत नेमक्या दिशेने सुटतो. कॉर्नेलच्या थॉमस आयझनरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली हे तापमान मोजून दाखवले.

शिकारी, रात्रीचे, जमिनीलगतचे आणि उडण्याबद्दल बेफिकीर: या चार गोष्टींमुळे हे कुळ वर्गीकरणाच्या दृष्टीने फार मोलाचे ठरते. उडता न येणारा भुंगेरा एका डोंगररांगेवरून दुसऱ्या रांगेवर सहज जात नाही, म्हणून त्याच्या प्रजाती छोट्या छोट्या टापूंत तयार होतात आणि जमिनीचा इतिहास त्यांच्यात वाचता येतो. ज्या देशांनी आपल्या कॅराबिडांची नीट मोजदाद केली त्यांना याचा फायदा मिळाला आहे. ब्रिटनमध्ये साडेतीनशेच्या आसपास प्रजाती आहेत आणि प्रत्येकीचे इतके बारीक वर्णन झालेले आहे की बर्मिंगहॅमच्या रसेल कूपला हिमयुगातल्या चिखलात सापडलेल्या पंखांच्या तुकड्यांवरून, त्यांच्यावरच्या सूक्ष्म नक्षीवरून, प्रजाती ओळखता आली आणि त्यातून त्या काळचे हवामान किती थंड होते, केव्हा अचानक उबदार झाले, हे मांडता आले. स्वीडनच्या कार्ल लिंडरॉथने युरोपातले कोणते भुंगेरे जहाजांच्या नीरम म्हणून भरलेल्या माती-दगडांतून अमेरिकेला पोचले हे दाखवले. या कामात हे दोघेही नव्या प्रजाती शोधत नव्हते. त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी जुन्या प्रजातींच्या हद्दी पक्क्या केल्या होत्या, म्हणून त्यांना पुढचा प्रश्न विचारता आला.

आपल्याकडे या हद्दी का पक्क्या नाहीत, याचे उत्तर नमुन्यांच्या प्रवासात आहे. १८२३ साली कील विद्यापीठातल्या वीडेमानने एक लेख प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षकच 'जावा, बंगाल आणि केप ऑफ गुड होप इथले दोनशे नवे भुंगेरे' असे. त्यात ज्यांना पहिल्यांदा नावे मिळाली त्यांतल्या कित्येकांचा पत्ता एका शब्दाचा: बंगाल. त्या काळी हा शब्द कुठवर पसरलेला होता ते वेगळे सांगायला नको. हुगळीच्या काठचा चिखल, राजमहालच्या टेकड्या, तराईचे जंगल, सारे त्यात बसे. शिवाय एखादा नमुना कलकत्त्याच्या बंदरातून निघाला एवढ्यावरही त्याला तोच पत्ता चिकटायचा. त्यानंतर हेल्फर आला. योहान विल्हेल्म हेल्फर हा बोहेमियाचा डॉक्टर. कलकत्त्याला पोचल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने त्याला ब्रह्मदेशातल्या तेनासेरीमच्या पाहणीला लावले. १८४० साली अंदमानात तो मारला गेला. त्याने ब्रह्मदेशात जमवलेले भुंगेरे प्रागला पोचले आणि १८४६ साली श्मिट-ग्योबेलने त्यांचे वर्णन छापले. म्हणजे ब्रह्मदेशात पकडले, कलकत्त्यामार्फत गेले, प्रागमध्ये वर्णिले गेले. मग शोदोअर, मोचुल्स्की, ॲमेझॉनवरून परतलेला बेट्स अशा कीटकसंग्राहकांपैकी प्रत्येकाने आपापल्या संग्रहातल्या नमुन्यांना नावे दिली. एकाच भुंगेऱ्याला दोन देशांत दोन नावे मिळाली, आणि दोन वेगळ्या भुंगेऱ्यांना चुकून एकच.

अँड्र्यूजचे मोठेपण इथे आहे. भारतीय वनखात्यात नोकरी केलेला हा माणूस पुढे लंडनला स्थिरावला आणि त्याने आयुष्याची उरलेली वर्षे दुसऱ्यांनी दिलेली नावे तपासण्यात घालवली. १९१९ साली ब्रिटिश म्युझियम आणि ऑक्सफर्ड इथल्या पौर्वात्य कॅराबिडांच्या मूळ नमुन्यांवर त्याने लेख लिहिला. १९२५ साली टॅकिस या वंशाचे, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या चिमुकल्या भुंगेऱ्यांचे, दीडशेहून अधिक पानांचे पुनरावलोकन जिनोआच्या संग्रहालयाच्या वार्षिकात दिले. त्यानेही पुष्कळ नव्या प्रजातींना नावे दिली, पण तो आधी जुन्या कपाटांतून फिरला. नवीन नाव देण्याचा अधिकार त्याने असा कमावला. आज आपल्या नियतकालिकांत हा क्रम अनेकदा उलटा दिसतो.

वर्णन म्हणजे काय याबद्दल एक गैरसमज आहे, आणि तो जीवशास्त्राच्या पदवीधरांतही आढळतो: वर्णन म्हणजे नोंद, एक प्रकारची कारकुनी. वास्तविक प्रजातीचे वर्णन हा दावा असतो. 'हा प्राणी त्या त्या प्राण्यांपासून अमुक लक्षणांनी वेगळा आहे, आणि हा वेगळेपणा एकट्यादुकट्या नमुन्याचा नाही, वंशपरंपरेचा आहे', असे त्यात म्हटलेले असते. दावा म्हटला की पुरावा आला, आणि पुरावा म्हणजे होलोटाइप, ज्या एका नमुन्याशी ते नाव कायमचे बांधलेले असते. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या सध्याच्या, २००० सालापासून लागू झालेल्या आवृत्तीत तर असा नमुना स्पष्टपणे नेमल्याशिवाय नव्या प्रजातीचे नाव ग्राह्यच धरले जात नाही. दाव्याची लक्षणेही डोळ्यांना सहज दिसणारी नसतात. प्रत्येक डोळ्यावर एक स्पर्शरोम आहे की दोन. पुढच्या पायाच्या नडगीवर मिशा साफ करायची खाच कुठे आहे. ढालपंखांवरच्या आठ-नऊ रेषांपैकी तिसरीच्या आसपास किती खळगे आहेत. मागच्या पायाचे मुळाचे कांड पोटाच्या पहिल्या खंडाला कसे दुभागते. नरांच्या पुढच्या पावलांची रुंदावलेली पेरे आणि त्यांखालच्या चिकट गाद्या. आणि शेवटी नराचे जननेंद्रिय, जे पोटातून काढून, क्षारात उकळून, स्वच्छ करून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागते. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या प्रजाती बहुतेकदा तिथेच वेगळ्या पडतात. फ्रान्सच्या रने जानेलने १९२६ ते १९३० दरम्यान ट्रेकिनी भुंगेऱ्यांवरच्या आपल्या ग्रंथात या अवयवाचा पद्धतशीर वापर करून दाखवला. म्हणजे एकोणिसाव्या शतकात आपल्या भुंगेऱ्यांना जी नावे मिळाली ती या कसोटीच्या आधीची आहेत. कित्येकांची वर्णने लॅटिनमधल्या चार ओळींची, तीही एकाच मादीवरून केलेली. अशा नावाशी आज हातात असलेला नमुना जुळतो की नाही, हे ते वर्णन वाचून ठरत नाही. मूळ नमुना पाहावा लागतो.

सातबाऱ्यावर नाव लागलेले असावे पण शेताची मोजणी झालेली नसावी, हद्दीचे दगड कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नसावे, अशी या प्रजातींची स्थिती आहे. ३० जून २०२४ रोजी कोलकात्यात भारतातल्या सर्व प्राण्यांची सूची प्रकाशित झाली: १ लाख ४ हजार ५६१ प्रजाती. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी हा समारंभ झाला. देशाच्या समग्र प्राणिजीवनाची अशी सूची करणे ही खरोखर मोठी कामगिरी आहे आणि तिची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. सूचीविना कुठूनही सुरुवात होत नाही. पण तिच्यातले प्रत्येक नाव हे कोणीतरी कधीतरी छापलेल्या दाव्याची प्रत आहे, आणि त्यांतले किती दावे छापल्यानंतर पुन्हा तपासले गेले हे ती सूची सांगू शकत नाही. त्याच संस्थेच्या 'ॲनिमल डिस्कव्हरीज' या वार्षिक अहवालात २०२३ या वर्षासाठी विज्ञानाला नव्या अशा ४४२ प्रजाती आणि भारतात पहिल्यांदा नोंदलेल्या १९९ प्रजाती आहेत. वर्तमानपत्रांत हे आकडे येतात, येणारच. जुन्या किती प्रजातींचे पुनर्वर्णन झाले, किती नावे एकमेकांत विलीन झाली, कुठल्या वंशाची ओळखकिल्ली नव्याने बनली, या आकड्याला मात्र मथळा मिळत नाही. खरे तर दोन नावे एकाच प्राण्याची आहेत हे सिद्ध करणाऱ्याने देशाची प्रजातिसंख्या एकाने घटवलेली असते. सरकारी अहवालात घट कोण साजरी करील?

हा केवळ शास्त्रज्ञांच्या घरातला हिशेब आहे असे कोणाला वाटेल. तर भातखाचरात जाऊ. बंगालमध्ये, कोकणात, भंडारा-गोंदियात, जिथे भात आहे तिथे लालसर अंगावर निळा-काळा पट्टा असलेला, बारीक मानेचा, मुंगीसारखा दिसणारा एक कॅराबिड पानांवरून चढ-उतर करताना सापडतो. तो तपकिरी तुडतुडे खातो, पाने गुंडाळणाऱ्या अळीच्या सुरळीत शिरून अळी फस्त करतो. कृषी विभागाच्या भाषेत मित्रकीटक. याच्या वंशातल्या दोन प्रजाती भातशेतीच्या लिखाणात सतत येतात: ऑफिओनिआ इंडिका, जिचे नाव अठराव्या शतकात थुनबर्गने दिले, आणि ऑफिओनिआ निग्रोफॅसिआटा, जिचे नाव हेल्फरच्या पेटीतल्या नमुन्यांवरून श्मिट-ग्योबेलने १८४६ साली दिले. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतकऱ्यांसाठीच्या पुस्तिकेत दुसरे नाव आहे. भारतातल्या जुन्या कृषी-लेखांत पहिली प्रजाती कधी ऑफिओनिआ इंडिका म्हणून येते, कधी कॅस्नोइडिआ इंडिका म्हणून. प्राणी एकच. त्याने दिवसाला किती तुडतुडे खाल्ले, कुठल्या कीटकनाशकाने तो मेला, ही माहिती दोन नावांखाली विभागली गेली. एका नावाने शोधणाऱ्याला अर्धीच सापडते. आणि ज्या लेखकाने दोन प्रजातींत फरक न करता जे नाव पुस्तकात दिसले ते लिहिले, त्याच्या निष्कर्षाचे काय करायचे? नमुना जपून ठेवला असेल तर पुन्हा पाहता येईल. नसेल तर तो प्रयोग कोणत्या प्राण्यावर झाला हे कायमचे गुलदस्त्यात.

कोलकात्यापुरते बोलायचे तर तिथे या कामाचा एक चांगला नमुना आधीच झालेला आहे. १९९२ साली प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या साहा, मुखर्जी आणि सेनगुप्ता यांनी 'कलकत्त्याचे कॅराबिडी' हा त्रेसष्ट पानांचा प्रबंधिकावजा अंक संस्थेच्या नियतकालिकाच्या विशेष पत्रिकांत, क्रमांक १४४ म्हणून, प्रसिद्ध केला. एका महानगराच्या हद्दीतल्या एकाच भुंगेरा-कुळावर स्वतंत्र लिखाण, तेही प्रजातिशोधाचा गाजावाजा न करता. भारतातल्या इतर किती महानगरांकडे असे काही आहे? मुंबई-पुण्याकडे असे पुस्तक असायला हरकत नव्हती. कोलकाता ही मुळात पाण्यातून काढलेली जमीन. पूर्वेकडची बारा हजार पाचशे हेक्टरांची पाणथळ, जिला २००२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, शहराचे सांडपाणी झेलते आणि त्यावर मासे व भाजीपाला पिकवते. तिच्याच उत्तरेकडच्या भागात १९६०च्या दशकात हुगळीतला गाळ पंपाने आणून भर घातली गेली आणि सॉल्ट लेक वसले. ओल्या चिखलाच्या काठावर राहणाऱ्या कॅराबिडांसाठी, टॅकिस आणि क्लीनियससारख्या वंशांसाठी, ही उलथापालथ म्हणजे घरच गेले. कोण गेले, कोण राहिले, कोण नव्याने आले, हे सांगायला १९९२ची यादी आणि त्याआधीचे, संग्रहालयात 'कलकत्ता' अशी चिठ्ठी लावून ठेवलेले नमुने ताडून पाहावे लागतील. ही तुलना करता येईल, पण एका अटीवर: दोन्ही टोकांना नाव एकाच अर्थाने वापरलेले असले पाहिजे. तीस वर्षांपूर्वीची 'क्लीनियस'ची अमुक प्रजाती आणि आजची अमुक प्रजाती या एकच आहेत ना, याची खात्री पुनर्वर्णनानेच होते.

या संग्रहाच्या नशिबाचीही एक गोष्ट सांगायला हवी. एशियाटिक सोसायटीच्या आवारात १८१४ साली डेन्मार्कच्या नाथानिएल वॉलिचच्या पुढाकाराने सुरू झालेले संग्रहालय पुढे इंडियन म्युझियम झाले, आणि त्याच्या प्राणिविभागातून १ जुलै १९१६ रोजी नेल्सन ॲनंडेलच्या हाताखाली प्राणी सर्वेक्षण संस्था उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात जपानी बॉम्बच्या भीतीने संस्थेचे बिऱ्हाड १९४२ साली बनारसच्या कैसर कॅसलमध्ये हलवले गेले. बॉम्बपासून वाचवायला नेलेला संग्रह १९४३च्या सप्टेंबरात वरुणेच्या पुरात सापडला. नमुने, पुस्तके, कागद पाण्याखाली गेले. संग्रहाचे मोल त्या पुरात जितके स्पष्ट झाले तितके कुठल्या अहवालाने झाले नसेल. बुडालेला मूळ नमुना पुन्हा पकडून आणता येत नाही. नवा पकडाल तो नवाच असतो.

आता आक्षेप. सर्वांत जोरदार आक्षेप तंत्रज्ञानाचा आहे. २००३ साली कॅनडाच्या पॉल हेबर्टने मांडले की सायटोक्रोम ऑक्सिडेज या जनुकाचा साधारण साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचला की प्राणी ओळखता येतो. मग रोम आणि खळगे मोजत बसायचे कशाला? या पद्धतीचा उपयोग नाकारण्यात अर्थ नाही. अळी आणि प्रौढ एकाच प्रजातीचे आहेत हे दाखवायला, जुळ्या दिसणाऱ्या प्रजाती संशयात आणायला ती उत्तम आहे. परंतु डीएनएचा तुकडा हा आपोआप नाव सांगत नाही. त्याच्या शेजारी ठेवायला ओळख पटलेल्या नमुन्यांचे तुकडे लागतात, आणि त्या नमुन्यांची ओळख पटवली कोणी, तर रोम मोजणाऱ्याने. चुकीचे नाव लावलेला नमुना भांडारात गेला की ती चूक पुढच्या प्रत्येक शोधात अचूकतेच्या थाटात परत येते. २०२१ साली कोस्टारिकाच्या परजीवी गांधीलमाश्यांच्या ४०३ नव्या प्रजाती जवळजवळ फक्त या जनुकीय तुकड्याच्या आधारे वर्णिल्या गेल्या तेव्हा वर्गीकरणकारांत मोठा वाद झाला. बाजू घ्यायची तर मी टीकाकारांच्या बाजूचा आहे. ज्याला प्रयोगशाळेचे यंत्र परवडत नाही त्याला ज्या वर्णनाने प्राणी ओळखता येणार नाही, ते वर्णन भारतासारख्या देशात मूठभरांचे राहील.

दुसरा आक्षेप घाईचा. जंगले तुटत आहेत, प्रजाती नाव मिळण्याआधीच नष्ट होत आहेत. अशा वेळी जुन्या नावांची साफसफाई करत बसणे चैनीचे आहे. स्मिथसोनियनचा टेरी अर्विन, जो स्वतः कॅराबिडांचाच तज्ज्ञ होता, त्याने पनामात एकाच जातीच्या झाडांवरून धूर मारून सुमारे १,२०० प्रजातींचे भुंगेरे पाडले आणि १९८२ साली अंदाज मांडला की उष्ण कटिबंधात संधिपाद प्राण्यांच्या तीन कोटी प्रजाती असाव्यात. पुढच्या अभ्यासांनी हा आकडा पुष्कळ खाली आणला, तरी उरलेला आकडाही वर्णन झालेल्यांहून खूप मोठा आहे. घाई खरीच आहे. पण 'ही नवी' असे म्हणायला 'ही जुन्यांपैकी कोणतीच नाही' हे आधी म्हणता आले पाहिजे, आणि जुन्या धूसर असतील तर तेच म्हणता येत नाही. घाईत दिलेले नाव पुढच्या माणसाच्या वाट्याला तपासणीचे काम वाढवून जाते. कालिकत परिसरातल्या अखिल, साबू थॉमस आणि सहकाऱ्यांनी २०२० साली भारतीय उपखंडातल्या फेरोप्सोफसचे पुनरावलोकन केले तेव्हा सगळी जुनी नावे एकत्र मांडून त्यांत नवी बसवण्याचा रस्ता त्यांनी धरला. वेळ लागतो, पण वाटेतला माल टाकून जावा लागत नाही. पुण्यात मॉडर्न कॉलेजच्या हेमंत घाटे यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे जुन्या भुंगेरा-प्रजातींची छायाचित्रांसह पुनर्वर्णने करून हेच दाखवले आहे, तेही मोठ्या सरकारी संस्थेच्या छत्राविना.

तिसरा आक्षेप भावनिक आहे, म्हणून हलका समजू नये. हे मूळ नमुने लंडनला, ऑक्सफर्डला, पॅरिसला, नावे साहेबांची, मग आपण त्यांच्या कपाटांची राखण का करायची? नमुने बाहेर आहेत ही अडचण खरी आहे, आणि त्यांची उच्च प्रतीची छायाचित्रे सर्वांना खुली करणे ही त्या संग्रहालयांची जबाबदारी आहे. पण तेच बोट कोलकात्याकडेही वळते. ब्रह्मदेश, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश इथल्या संशोधकांना लागणारे नमुने कोलकात्याच्या कपाटांतही आहेत. जैवविविधता कायदा २००२च्या एकोणचाळिसाव्या कलमाने नव्या प्रजातीचा नमुना भारतातल्या नेमलेल्या भांडारात ठेवणे बंधनकारक केले; ठेवलेला नमुना दुसऱ्याला बघायला मिळण्याची सोय मात्र कायद्याच्या शब्दाने होत नाही. नावे बदलण्याच्या मागणीबद्दल म्हणाल, तर कॅराबिडांतच एक टोकाचे उदाहरण आहे: स्लोव्हेनियातल्या गुहांतला एक आंधळा भुंगेरा, ज्याला शायबेल नावाच्या हौशी संग्राहकाने १९३०च्या दशकात हिटलरचे नाव दिले, अनोफ्थाल्मस हिटलेरी. त्या नावापायी नाझी वस्तूंचे शौकीन आजही त्याचे नमुने विकत घेतात आणि बिचाऱ्या भुंगेऱ्याचा जीव धोक्यात येतो. तरीही प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०२३ साली स्पष्ट केले की नैतिक कारणांवरून नावे बदलण्याच्या वाटेला आपण जाणार नाही. मला हा निर्णय कटू पण बरोबर वाटतो. नाव हे बक्षीस नाही, ती माहितीची खुंटी आहे. ती उपटली तर तिच्यावर टांगलेले सारे खाली येते.

एक आक्षेप मी स्वतःवरच घेतो, कारण तो सर्वांत बोचरा आहे. वर्गीकरणच जर सतत बदलते, तर हद्दी पक्क्या करण्याचा हट्ट कशासाठी? १९१२ साली याच ग्रंथमालेत फाउलरने टायगर बीटल आणि मुंग्यांच्या वारुळांत राहणारे पॉसिड ही दोन स्वतंत्र कुळे म्हणून वर्णिली. पुढे पॉसिड कॅराबिडांच्या पोटात गेले. त्यांनाही गरम रसायनाचा फवारा मारता येतो हे त्याच्याशी जुळणारे. टायगर बीटलही उपकुळ म्हणून आत आले, आणि अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनंतर पुन्हा स्वतंत्र कुळ म्हणून बाहेर पडले. कुळांच्या भिंती हलतात, हे मान्य. पण बघा, फाउलरने वर्णिलेली प्रजाती, तिचा नमुना, तिची लक्षणे, या कुठल्याही घरात गेल्या तरी उपयोगी राहिल्या. वरच्या पायऱ्या या मांडणीच्या आहेत. प्रजातीचे वर्णन हा त्या मांडणीचा कच्चा माल. तो चांगला असेल तर मांडणी कितीदाही बदला.

मग करायचे काय? विद्यापीठांनी एका वंशाचे पुनरावलोकन हा पीएच.डी.चा पूर्ण विषय मानावा आणि त्यात एकही नवी प्रजाती निघाली नाही तरी प्रबंध कमी लेखू नये. बढतीच्या गुणपत्रकात पुनर्वर्णनाला नव्या प्रजातीइतकेच गुण असावेत. प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या वार्षिक अहवालात विलीन झालेल्या नावांची स्वतंत्र यादी छापावी. कोलकात्यातल्या मूळ नमुन्यांची, चिठ्ठ्यांसकट, छायाचित्रे खुली करावीत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, कॅमेरा, चार प्रशिक्षित माणसे आणि वीज लागते. आणि वाचकांपैकी ज्यांच्या अंगणातल्या ट्यूबलाइटखाली पावसाळ्यात काळे, चपळ, धावरे भुंगेरे जमतात त्यांनी एवढेच करावे: वरून, खालून आणि समोरून असे तीन स्वच्छ फोटो, तारीख आणि नेमके ठिकाण. नाव लावण्याची घाई करू नका. वंशापर्यंत ओळख पटली तर तिथेच थांबा, पुढचे ज्याला माहीत आहे त्याच्यावर सोडा.